घरची फटफटी-दुरुस्ती : काम नेमके कुठे बिघडते?



पूर्वी गट ऑफिससमोर सायकली आणि बैलगाड्या उभ्या असत. आता तिथे फटफट्यांची रांग असते. उसाची नोंद द्यायची, तोडीची तारीख विचारायची, रात्री लाईट आली की मोटार चालू करायला मळ्यात जायचं, पहाटे डेअरीला दूध घालायचं. गाडीवाचून पान हलत नाही. हंगाम सुरू झाला की तिला एका दिवसाची रजा मिळत नाही. म्हणून गळीत सुरू होण्याच्या आधी, दसरा-दिवाळीच्या सुमारास, पुष्कळ सभासद अंगणातच गाडी उघडून बसतात. ऑईल बदलायचं, चेन ताणायची, प्लग पुसायचा. तालुक्याच्या गॅरेजला अख्खा दिवस मोडण्यापेक्षा हे बरं, असा हिशेब असतो.

हा हिशेब चुकीचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्याला पंपाचा फूटव्हॉल्व्ह बदलता येतो आणि ट्रॅक्टरला नांगर जोडता येतो, त्याला फटफटीचं ऑईल बदलता येणार नाही असं थोडंच आहे! तरीसुद्धा कोणत्याही मेस्त्रीला विचारा, तो सांगेल की घरी लहान काम करायला घेऊन पुढे मोठं काम होऊन आलेल्या गाड्या त्याच्याकडे येतातच. याचे कारण अज्ञान नव्हे. आमच्या मते त्यास दोन कारणे आहेत. एक, आपल्या हाताला लागलेली लोखंडाची सवय. दुसरे, गाडी आपण रिकामी आणि स्टँडवर उभी असताना जुळवतो, आणि चालवतो मात्र ती भरलेली.

पहिल्या कारणाचे बघू. नांगराच्या फाळाचा बोल्ट, ट्रॉलीच्या हुकाचा बोल्ट, पंपाच्या फौंडेशनचा बोल्ट, हे सगळे लोखंडात लोखंड. तिथे पान्याला पाईप घालून दोघं लोंबकळले तरी सहसा काही होत नाही. उलट ढिला राहिला तर फाळ वावरातच राहतो. त्यामुळे ‘घट्ट म्हणजे पक्कं’ हे आपल्या मनगटात बसलेलं आहे. फटफटीच्या इंजिनाचं चेंबर मात्र ॲल्युमिनियमचं असतं. बोल्ट पोलादाचा, आणि त्याचे आटे मऊ ॲल्युमिनियममध्ये कापलेले. दोघांची झोंबी लागली तर कोण हरणार हे सांगायला नको.

इंजिनाखालच्या ऑईलच्या बोल्टचंच घ्या. १०० ते १२५ सीसीच्या बऱ्याच गाड्यांना हा बोल्ट साधारण अडीच किलोग्रॅम-मीटर एवढाच आवळायचा असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो, तो पहावा. अडीच किलोग्रॅम-मीटर म्हणजे किती? पाव मीटर लांबीचा रिंग पाना घेतला, तर त्याच्या टोकाला १० किलोचा ओढा. दहा लिटर पाण्याने भरलेली बादली पान्याच्या टोकाला टांगली तर जेवढा जोर बसेल तेवढा. बस्स. आता त्याच पान्याला पाईप घालून लांबी पाऊण मीटर केली, तर तेवढ्याच ओढ्याने जोर तिप्पट होतो. आणि पाईप हातात आला की कोणी दहा किलोवर थांबत नाही. अंगाचा भार टाकून तीस-पस्तीस किलोने ओढलं, तर जोर जवळजवळ दसपट झाला. तो त्या आट्यांना सोसत नाही.

मग माणूस एवढं आवळतो तरी का? बहुतेक वेळा गळतीमुळे. ऑईल बदलून झालेलं असतं, गाडी चालू करून बघितली जाते आणि मुलगा म्हणतो, “आप्पा, एक थेंब पडतोय अजून.” “आण तो पाईप इकडं.” इथेच काम बिघडतं. सभासदांनी लक्षात घ्यावे, की बोल्ट धरून ठेवतो, पण ऑईल अडवतो तो त्याखालचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर. जुना वायसर चेपून गेलेला असतो, किंवा त्याच्या बसायच्या जागेवर मातीचा कण राहिलेला असतो. तो थेंब आवळून थांबत नाही. बोल्ट काढून, जागा पुसून, नवा वायसर घालून थांबतो. वायसर पाच-दहा रुपयांची वस्तू आहे, ऑईलच्या डब्याबरोबरच आणावी.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा बोल्ट खाली तोंड करून असतो. वरून वाकून बघणाऱ्याला सोडायची आणि आवळायची बाजू उलटी वाटते, आणि बोल्ट सुटत नाही म्हणून तो जोर लावत जातो तो आवळण्याच्याच दिशेने. पाना लावण्याआधी डोकं खाली घालून बोल्टच्या समोरून एकदा बघावं; समोरून बघताना घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवलं की तो सुटतो.

आवळता आवळता बोल्ट एकदम हलका झाला, लोण्यात फिरल्यासारखा वाटला, तर आटे निघाले असं समजावं आणि तिथेच हात थांबवावा. त्यावर एम-सील लावणं, आट्यांना दोरा किंवा पंपाची टेप गुंडाळणं, थोडा जाड बोल्ट ठोकून बसवणं, हे सगळे प्रकार आपल्याकडं चालतात. घरासमोर ते टिकतातसुद्धा. पण गाडीत मुळात ऑईल असतं लिटरभराच्या आत-बाहेर. इंजिन तापलं, रस्त्यावर हादरे बसले आणि तो बोल्ट वाटेत गळून पडला, तर थोड्या अंतरात चेंबर कोरडं होतं. पिस्टन आतल्या आत धरतो आणि मागचं चाक चालत्या गाडीत जाम होऊ शकतं. मागं माणूस बसलेला असेल तर काय होईल याची कल्पना करावी. यावर चांगला इलाज आहे. भोक किंचित मोठं करून त्यात आट्यांची पोलादी गुंडाळी बसवून घेता येते. मेस्त्री तिला हेलिकॉईल म्हणतात. हे काम नीट झालं तर नवे आटे मूळच्यापेक्षाही दणकट होतात. फक्त भोक पाडतानाचा कीस चेंबरमध्ये राहू देऊ नये, याची मेस्त्रीला आठवण करावी.

स्पार्क प्लगचीही हीच जात आहे. तोही ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये बसतो. गरम इंजिनावर प्लग सोडू नये. सोडण्याआधी भोवतालची धूळ-माती फुंकून किंवा ब्रशने काढावी, नाहीतर ती थेट सिलिंडरात पडते. बसवताना पहिले आटे पान्याने नव्हे, बोटांनी फिरवावेत. बोटांनी फिरत नसेल तर तो तिरका धरलेला आहे. काढून पुन्हा सरळ लावावा. शेवटपर्यंत बोटांनी गेल्यावर नवा प्लग साधारण अर्धा फेरा आवळावा. जुनाच परत बसवत असाल तर त्याचा वायसर आधीच चेपलेला असतो, म्हणून फेऱ्याचा आठवा हिस्सा पुरतो.

ऑईलविषयी थोडं. ट्रॅक्टरचं उरलेलं ऑईल फटफटीत ओतायची रीत काही ठिकाणी आहे. ऑईल ते ऑईल, असं म्हणून चालत नाही. फटफटीत इंजिन, गिअर आणि क्लचच्या प्लेटा एकाच ऑईलमध्ये बुडालेल्या असतात. ट्रॅक्टरचा किंवा मोटारीचा क्लच सहसा कोरडा असतो, तेव्हा तिथल्या ऑईलला क्लचची फिकीर नसते. असलं काही ऑईल फटफटीत घातलं की क्लच घसरू लागण्याचा संभव असतो. इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. डब्यावर ‘जेएएसओ एमए’ असा शिक्का आणि पुस्तिकेत दिलेला नंबर, या दोन गोष्टी बघून ऑईल घ्यावं. ट्रॅक्टरच्या गिअरचं ९० नंबरचं ऑईल तर इंजिनात मुळीच घालू नये. ते चेनला मात्र उत्तम. गंमत अशी, की पुष्कळ जण नेमकं उलटं करतात. इंजिनातून काढलेलं काळं ऑईल चेनला ओततात. त्यात धातूचा बारीक कीस आणि काजळी असते; ती चेन खाते, आणि चेनवरून उडून ब्रेकच्या ड्रमपर्यंत पोचते.

आता चेन. इथे दुसरं कारण आड येतं.

गाडी मेन स्टँडवर उभी आहे. चेन लोंबते आहे, खडखड आवाज करते आहे. आपण ती ताणतो, तारेसारखी. आवाज बंद होतो, समाधान वाटतं. पण ही गाडी उद्या अशी चालणार आहे का? उद्या तिच्यावर आपण बसणार, आणि मागे ४० लिटरच्या दोन किटल्या. दूधच ८० किलोच्या वर झालं, किटल्यांचं वजन वेगळं. एवढा भार पडला की मागचे शॉकॲब्सॉर्बर दबतात, आणि ते दबताना इंजिनाचं लहान चक्र आणि चाकाचं मोठं चक्र यांतलं अंतर वाढतं. स्टँडवर घट्ट असलेली चेन मग गिटारीच्या तारेसारखी ताणली जाते. सगळा ओढा गिअरच्या शाफ्टच्या बेअरिंगवर येतो, दात झिजतात, आणि एखाद्या खड्ड्यात चेन तुटते. तुटलेली चेन पुढच्या चक्राला गुंडाळली गेली तर चेंबर फोडते. मागे अडकली तर चाक जाम करते. यास्तव पुस्तिकेत चेनला ढील ठेवायला सांगितलेली असते. बऱ्याच गाड्यांना खालच्या चेनच्या मध्यावर वर-खाली मिळून २० ते ३० मिलिमीटर, म्हणजे दीड ते दोन बोटांची रुंदी. चाक फिरवून चेन जिथे सर्वांत घट्ट वाटते तिथे ही ढील मोजावी. दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या आल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरकं बसतं.

चेन ताणली म्हणजे मागचं चाक थोडं मागं सरकतं. ब्रेकचा रॉड मात्र तेवढाच राहतो. साहजिकच ब्रेक आपोआप लागल्यासारखा होतो. हे विसरलं तर ब्रेक घासत राहतो, ड्रम तापतो, आणि “चेन केल्यापासून ॲव्हरेज पडलं” अशी तक्रार सुरू होते. चेननंतर मागचा ब्रेक परत जुळवावा आणि ब्रेकचा दिवा वेळेवर लागतो का तेही बघावं. चेनच्या जोडाची क्लिपही तपासावी. तिची बंद बाजू चेन पळते त्या दिशेला पुढे हवी, फाटलेली बाजू मागे. उलटी बसली तर कशालाही घासून निघून जाते.

पुढची गोष्ट आम्ही जरा विस्ताराने लिहितो, कारण यात बोटं जातात. चेन साफ करण्याची एक झटपट पद्धत गावोगाव रूढ आहे. गाडी मेन स्टँडवर लावायची, इंजिन चालू करायचं, पहिला गिअर टाकायचा आणि फिरत्या चेनला फडका धरायचा. काही वेळा बाप फडका धरतो आणि पोरगं ॲक्सिलरेटर धरून उभं असतं. फडक्याचा एक धागा चेनमध्ये अडकला की फडका आत ओढला जातो, त्याच्याबरोबर हात, आणि चेन व चक्राच्या दातांमध्ये बोट. ओरडायला वेळ मिळत नाही. पोराने घाबरून मूठ पिळली तर आणखीच. या जखमा हाडांच्या डॉक्टरांना नवीन नाहीत. तुटलेलं बोट परत जोडता येईलच अशी खात्री कुणी देत नाही.

चेन साफ करताना इंजिन बंद, किल्ली खिशात, गाडी न्यूट्रलमध्ये, हे पहिलं. चाक हाताने, आणि उलट्या बाजूला फिरवावं. त्यात कारण आहे. चाक उलटं फिरवलं की खालची चेन मागच्या चक्रातून बाहेर येते. सुलटं फिरवलं की ती चक्रात शिरते आणि फडक्यालाही आत नेते. फडक्याऐवजी जुना दातांचा ब्रश वापरला तर त्याहून बरं. एवढं करूनही अपघात झालाच, तर जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरावं आणि हात उंच ठेवावा. हळद, चहापूड, ग्रीस काही भरू नये. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा, आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. तो भाग थेट बर्फात ठेवू नये. मग वेळ न घालवता मोठा दवाखाना गाठावा.

चेनवरच्या पत्र्याचं काय होतं, तेही बघण्यासारखं आहे. चेनला हात घालायचा म्हणून कव्हर काढलं जातं, दोन स्क्रू हरवतात, कव्हर कोठीत पडतं आणि गाडी तशीच वर्षभर पळते. दिसायला काही बिघडलेलं नसतं. पण मागे एका बाजूला पाय सोडून घरची बाई बसते, साडीचा पदर किंवा मुलीची ओढणी वाऱ्याने मागे जाते, आणि ती चेनमध्ये किंवा चाकात सापडली की माणूस गाडीवरून खेचला जातो. गळ्यातली ओढणी असेल तर प्राणावर बेततं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्यासाठी धरायची मूठ, पाय ठेवायची जागा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचं निदान अर्धं चाक झाकणारा आडोसा असलाच पाहिजे. किटल्यांचा स्टँड बसवताना ही साडी-जाळी काढून टाकतात, तीही परत लावावी. भगिनींनी गाडीवर बसण्याआधी हे दोन पत्रे जागेवर आहेत का ते स्वतः बघावं आणि नसले तर खुशाल बसायला नकार द्यावा.

पंक्चरसाठी घरी चाक काढणारेही आहेत. मागच्या चाकात ब्रेक प्लेटला धरून ठेवणारी एक लोखंडी पट्टी असते. चाक काढताना तिचा बोल्ट सोडतात, आणि बसवताना तो नुसता हाताने लावून पिन घालायची राहते. बोल्ट पडला तर ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरते आणि रॉड पिळून टाकते. पुढच्या ड्रम ब्रेकच्या चाकात पट्टीऐवजी बहुधा प्लेटवर एक खाच असते आणि फोर्कवर एक उंचवटा. उंचवटा खाचेत बसलाय हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक्सल आवळू नये. तो चुकला तर पहिल्याच जोराच्या ब्रेकला पुढचं चाक अडकतं. ब्रेकच्या लायनरला ऑईल, डिझेल, रॉकेल लागू देऊ नये. आतल्या भुकटीला तोंडाने फुंकर मारू नये, ती छातीत जाते. २०१९ च्या एप्रिलपासून विकल्या गेलेल्या १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एकत्रित ब्रेक किंवा एबीएस आहे. एकत्रित ब्रेकच्या गाडीत मागचं पेडल दाबलं की पुढचाही ब्रेक लागतो. अशा गाडीचा एकच ब्रेक आपल्या अंदाजाने जुळवून भागत नाही, पुस्तिका उघडावी.

पेट्रोलकडे येऊ. राजदूत-येझदीच्या काळापासून कार्बोरेटर उघडून फुंकणं हा घरगुती धंदा झालेला आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटर राहिलेला नाही. टाकीतल्या पंपातून पेट्रोल दाबाने जातं. तो जोड सोडला तर पेट्रोल तापलेल्या इंजिनावर उडू शकतं. हे काम घरचं नव्हे. जुन्या गाडीवाल्यांनी रबरी नळीकडे लक्ष द्यावं. आपल्या उसापासून बनणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असतं, याचा आपल्याला आनंदच आहे. परंतु जुन्या गाड्यांच्या नळ्या आणि रबरी वायसर त्याचा विचार करून बनवलेले नव्हते. ते फुगतात किंवा कडक होऊन चिरतात. अशा वेळी फवारणी पंपाची किंवा सलाईनची नळी कापून बसवतात. ती थोड्याच दिवसांत कडक होते आणि पेट्रोल ठिबकू लागतं, खाली गरम इंजिन असतं. पेट्रोलसाठी बनलेलीच नळी क्लॅम्पसह घ्यावी. इथेनॉल पाणी ओढतं, तेव्हा टाकीचं झाकण नीट बसतं की नाही तेही बघावं. पेट्रोलचं काम चालू असताना जवळ चूल किंवा बिडी नको, हे सांगायला नकोच.

फ्यूज गेला तर त्याच नंबरचा घालावा. तार गुंडाळली की फ्यूजऐवजी वायरिंग जळतं.

काम संपल्यावर गाडी एकदम हमरस्त्यावर नेऊ नये. अंगणात ढकलत नेऊन दोन्ही ब्रेक लागतात का पहावं, मग गावातल्या गावात एक फेरी मारून एक्सलचा नट, ब्रेक पट्टीचा बोल्ट आणि ऑईलचा बोल्ट यांवर हात फिरवावा. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता भरण्याच्या आधीच हे उरकावं. काम हाताबाहेर गेलं, तर गाडी चालवत नव्हे, टेंपोत घालून गॅरेजला न्यावी आणि काय केलं ते मेस्त्रीला सगळं सांगावं. किती आवळलं, काय लावलं, काय ठोकलं. सुटलेले बोल्ट, वायसर आणि क्लिपा एका पिशवीत घालून बरोबर न्याव्यात. बोल्टच्या आट्यांत अडकून आलेला ॲल्युमिनियमचा कीसही पुसून टाकू नये. आतले किती आटे शिल्लक आहेत त्याचा अंदाज मेस्त्रीला त्यावरून येतो.